मुरुमाच्या ढिगामागचं वळण

मामेबहिणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आलेल्या प्रणालीचा हॉलमध्ये जीव गुदमरून गेला होता. एकीकडे डीजेचा दणदणाट, दुसरीकडे नातेवाइकांचा. जी ती मावशी हनुवटीला हात लावून विचारत होती, “आता तुहा नंबर कवा व?” चौथी मावशी समोरून येताना दिसली, तशी ती पंगतीच्या मागून निसटली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

अमरावतीच्या त्या टोकाला नुकतंच लेआउट पडलं होतं. मुरुमाचे रस्ते आखलेले, प्लॉटचे दगड रोवलेले, घर मात्र एकही नाही. नोव्हेंबरचं ऊन कलायला लागलं होतं. प्रणालीने मोकळा श्वास घेतला — आणि तेवढ्यात धुरळा उडवत हातभर लांबीची एक तांबडी गाडी थेट तिच्या अंगावर आली. ती किंचाळायच्या आत गाडी घागऱ्याच्या घेरात शिरली आणि तिथेच गुरगुरत राहिली.

“हलू नका! तिथंच थांबा!” हातात रिमोट धरून एक तरुण पळत आला आणि जवळ येताच थबकला. “मॅडम, तो घागरा... म्हणजे गाडी... म्हणजे जरासं—”

“आधी ठरवा, काय पायजे ते.”

तो कानापर्यंत लाल झाला. प्रणालीने हसू दाबलं, वाकून गाडी बाहेर काढली आणि सवयीने उलटी केली. खालची तारांची गुंतागुंत पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

“गाडी रिमोटचं ऐकत नव्हती ना?”

“तुमाले कसं मालूम?”

“ही तार पहा. सोल्डर धरलंच नाही. धक्का बसला का सुटते, पुन्हा चिकटते. असं सोल्डर कोणी करते काय?”

“मी,” तो म्हणाला.

“दिसतेच.”

त्याला राग यायला हवा होता. उलट त्याने खांद्यावरची पिशवी उघडली आणि तापवायचं सोल्डरिंग आयर्न तिच्यापुढे धरलं. “मंग तुमीच करून दाखवा. मोटरसायकलच्या बॅटरीवर चालते.”

आणि प्रणाली — जरीचा घागरा, हातभर बांगड्या, केसांत गजरा — प्लॉटच्या दगडावर बसली. फू फू करत तिने तो टाका नवा घातला. अकोल्याला गजेंद्रभाऊंच्या दुकानात ती चार वर्षं मोबाइल आणि रिमोट दुरुस्त करत होती. डोळे मिटूनही जमलं असतं. पण त्या दिवशी तिने जरा जास्तच वेळ लावला. समोर उकिडवा बसलेला तो तारेकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं.

त्याचं नाव कुंदन. घर नांदगाव खंडेश्वरला, शेती होती. तो अमरावतीत ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला होता. गाडीतली मोटर, रिमोट आणि चाकं वळवणारा सर्व्हो एवढंच विकतचं होतं. बाकी सगळं त्याने जमवलेलं. वरचं कवच तेलाच्या प्लास्टिक कॅनचं, बंपर ठिबकच्या नळीचा, आणि धक्के झेलायला पेनांच्या स्प्रिंगा इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये बसवलेल्या.

“या सिरिंजा...” प्रणालीने विचारलं.

“नवीन आहेत हो! दवाखान्यातल्या उचलल्या नाहीत.”

ती खळखळून हसली. हॉलमधून कुणीतरी तिच्या नावाने हाका मारत होतं. तिने गाडी त्याच्या हातात दिली.

“दर रविवारी असतो आमी इथं,” तो घाईघाईने म्हणाला. “सात-आठ जण. म्हणजे... तार पुन्हा सुटली तर—”

“मी टाकलेली तार सुटत नाही.”

“मंग न सुटताच या.”

---

दोन रविवार तिने कसेबसे काढले. तिसऱ्या रविवारी तिने घरी सांगितलं, अमरावतीला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलाय. आणि सकाळची एसटी धरली.

घर अकोल्याबाहेर, शेवंती आणि झेंडूच्या मळ्यात. बाबांनी, वामनरावांनी, फुलं खुडता खुडता फक्त मान हलवली होती. खोटं इतक्या सहज पचलं, याचंच तिला वाईट वाटत राहिलं. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. पण बडनेरा आलं आणि तिने आरशात बघून केस नीट केले.

त्यांची दर रविवारची खेळ रिमोटच्या गाड्यांच्या रॅलीचा होता, आणि रॅली म्हणजे सगळ्या गाड्या एकदम सोडायच्या नसतात, हे तिला त्या दिवशी कळलं. एका वेळी एकच गाडी. खड्डे, चढ, वाळलेलं गवत, काळ्या मातीच्या भेगा, सगळं ओलांडून कोण कमी वेळात येतो, ते पाहायचं. शाळेतून निवृत्त झालेले शेखर सर घड्याळ लावायचे. चालवणाऱ्याने एका चौथऱ्यावर उभं राहायचं, तिथून हलायचं नाही. सगळा मार्ग तिथून दिसायचा — एक वळण सोडून. मुरुमाच्या मोठ्या ढिगामागे गाडी गेली की दिसेनाशी व्हायची. सगळ्यांच्या गाड्या तिथेच उलटायच्या.

“तिथं एक जण उभा ठेवता येते,” कुंदन म्हणाला. “सांगायले. उलटली तर सरळ करायले. माह्याकडं कोणी नाही.”

“मी राहते.”

“धूळ लय उडते.”

“मी साखरेची आहे काय?”

आणि ती ढिगामागे जाऊन उभी राहिली. गाडी आली तशी ती ओरडली, “डावं! डावं! — आता सरळ — हळू, खड्डा! — सोडा आता!” पलीकडे चौथऱ्यावर कुंदनला गाडी दिसत नव्हती, प्रणालीही दिसत नव्हती. फक्त तिचा आवाज. त्या आवाजावर त्याची बोटं फिरली आणि गाडी ढिगाच्या दुसऱ्या टोकाने धुरळ्यातून सुसाट बाहेर पडली, चारही चाकांवर!

शेखर सरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. “अरे वा! हे काय नवीन?”

कुंदन ढिगाकडे पाहून नुसता हसत राहिला.

त्या दिवशी परत निघताना ती म्हणाली, “एक आहे पण. माहं नाव कुठं घ्यायचं नाही. कोणी विचारलं तरी. घरी मी क्लासचं सांगून येऊन राहिली.” बसमध्ये बसल्यावर तिने तेच पुन्हा फोनवर टाइप करून पाठवलं — माहं नाव कुठंच नको, शपथ घ्या. लगेच उत्तर आलं, “शपथ. कोणाच्याच तोंडून नाही निघणार.”

---

तो हिवाळा प्रणालीला पुढे कितीतरी दिवस पुरला.

रविवार ते रविवार ती दुकानात काम करायची ते कुंदनच्या मेसेजवर. आठवड्याभरात तो एक चाक मोडायचा, ती एक सर्किट नीट करायची. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांवर चढवायची युक्ती तिची. गाडी भेगांवर घसरेनाशी झाली, तसा तो म्हणाला, “तू आधी कुठं होती व?” आणि मग ‘तू’ म्हटल्यावर जीभ चावली. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. पण पुढच्या वाक्यात तिनेही ‘तू’ म्हटलं.

जानेवारीच्या शेवटी संत्र्याच्या बागा फुलल्या. लेआउटच्या पलीकडच्या बागेतून वारा आला की धुळीतही तो गोड वास यायचा. एका रविवारी अचानक आभाळ आलं आणि गारांसकट अवकाळी पाऊस कोसळला. सगळे गाड्या पोटाशी धरून सैरावैरा पळाले. ही दोघं एका अर्ध्या बांधलेल्या घरात शिरली. छत होतं, भिंती नव्हत्या.

काळी माती चाकांना अशी चिकटली होती की गाडीची ओळखच राहिली नव्हती. एका चाकावर त्याने जुना टूथब्रश चालवला, दुसऱ्यावर तिने काडी. मध्ये गाडी. बाहेर गारा तडतडत होत्या. तिच्या गालावर मातीचा एक ठिपका होता. तो पाहत होता, आणि सांगत नव्हता.

“काय?” तिने विचारलं.

“काही नाही... तू ज्या रविवारी येत नाहीस ना, गाडी डावीकडं ओढते.”

“रिमोटचा ट्रिम पाय, दिशा सरकली असंल.”

“पायला. ट्रिम बरोबर आहे.”

“मंग सर्व्हो ढिला झाला असंल.”

“सर्व्होबी बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला. “बाकी कायतरी ढिलं झालं.”

प्रणालीच्या हातातली काडी थांबली. आता तो बोलेल... आता... तिने मान वर केली. त्याचे ओठ हलले — आणि बाहेरून शेखर सरांची हाक आली, “कुंदन, पाऊस थांबला रे! ये!”

तो उठला. छताच्या कडेशी वळून म्हणाला, “गालाले माती लागली तुह्या.”

“आत्ता सांगतोस?”

“चांगली दिसत होती.”

---

मार्चमध्ये हंगामातली शेवटची रॅली होती. गावोगावचे वीस-बावीस जण आले होते. आदल्या दिवशी प्रणालीने मनाशी पक्कं केलं होतं. आज घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगायचं. गाडीचं, रविवारांचं, आणि जमलं तर कुंदनचंही. लपवून लपवून तिला कंटाळा आला होता. आपण केलेली गोष्ट आपली म्हणून सांगावी, असं तिला आतून वाटायला लागलं होतं. पण हे तिने कुंदनला सांगितलं नव्हतं. त्याला ते आपोआप कळेल, असं तिने धरून ठेवलं होतं.

तिच्या आवाजावर त्याने तिन्ही फेऱ्या अशा काढल्या की दुसऱ्या नंबरचा पार मागे राहिला. टाळ्या, शिट्ट्या! ढिगामागून धावत येऊन गाडी उचलताना तिने तापलेली मोटर चुकून हातात धरली आणि बोटं पोळली, तरी तिला हसूच येत होतं. एका स्थानिक वाहिनीचा माणूस कुंदनपुढे माईक धरून उभा होता. ती दहा पावलांवर थांबली.

“ही गाडी कोणी बनवली?”

कुंदनने एकदा तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग तो म्हणाला, “मीच. एकट्यानं.”

“आणि त्या ढिगामागून आवाज कोण देत होतं?”

“होतं असंच... कोणीतरी.”

कोणीतरी. प्रणालीने पोळलेली बोटं मुठीत घेतली. चार महिने! तिने घातलेल्या तारा, तिने कापलेल्या पट्ट्या, घसा बसेपर्यंत ओरडलेलं डावं-उजवं — कोणीतरी! डोळे भरून यायच्या आत तिने पिशवी उचलली. कुंदन वळून पाहीपर्यंत ती रस्त्यावर रिक्षात बसली होती.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. “क्लास संपला,” एवढंच म्हणाली. बाबांनी मान हलवली.

फोन वाजत राहिला. तिने उचलला नाही. “काय झालं?” “माहं काही चुकलं काय?” “एकदा बोल फक्त.” मेसेज यायचे आणि ती वाचून फोन पालथा ठेवायची. इतकं पाहूनही ज्याला कळत नाही, त्याला आपण कशाला समजावून सांगायचं, असं तिचं म्हणणं.

पंधरा दिवसांनी तो अकोल्याला आला. दुकानासमोर मोटरसायकल थांबली, तशी प्रणाली पडद्याआड आतल्या खोलीत गेली. गजेंद्रभाऊंना तिने हातानेच खूण केली — नाही म्हणा. त्यांनी नाइलाजाने सांगितलं, “सुट्टीवर आहे.”

“बरं. कुंदन येऊन गेला, सांगा.”

महिन्याभराने तो पुन्हा आला. या वेळी दुकानात शिरलाच नाही. समोरच्या रसवंतीवर उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून उभा राहिला. एप्रिलचं अकोल्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पडद्याच्या फटीतून तिला तो दिसत होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पाऊण तास. प्रणालीच्या हातात आयर्न तापलेलं होतं आणि समोरचा रिमोट तसाच उघडा पडला होता. चार पावलं. पडदा सारायचा, रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचं — काय रे? एवढंच. पाय उचललेही होते तिने. मग मनात आलं, त्यानेच आत यावं. आणि ती थांबली.

रसाचा ग्लास खाली ठेवून तो निघून गेला. त्यानंतर फोन वाजला नाही.

---

जूनमध्ये, फोनमधली जागा भरली म्हणून जुने मेसेज पुसताना, तिला नोव्हेंबरचा तो मेसेज सापडला. तिचाच. माहं नाव कुठंच नको, शपथ घ्या. आणि खाली त्याचं उत्तर.

प्रणाली खुर्चीत बसली ती बसलीच. माईकपुढे त्याने तिच्याकडे एकदाच का पाहिलं होतं, ते तिला आत्ता उमगलं. तो विचारत होता. तिने डोळ्यांनी हो म्हटलं असतं, तर त्याने नाव घेतलं असतं. तिने काहीच म्हटलं नाही, आणि तो दिलेल्या शब्दाला जागला. शब्द पाळल्याची शिक्षा तिने त्याला दिली होती.

तेव्हाच जायला हवं होतं. पण लाज आडवी आली. किती मेसेज तिने लिहिले आणि पुसले! पोळा गेला, दसरा गेला. दसरा-दिवाळीला मळ्यात झेंडूची घाई, मग शेवंतीची. प्रत्येक वेळी ती स्वतःला सांगायची, हे आटोपू दे, मग. डिसेंबर उजाडला तेव्हा एका रविवारी ती कुणालाही काही न सांगता एसटीत बसली.

लेआउट ओळखू येत नव्हतं. अर्ध्या प्लॉटवर घरं उभी राहिली होती. मुरुमाचा ढीग मात्र होता. बाकीचे जेवायला गेले होते. कुंदन एकटाच गाडी उलटी धरून बसला होता. त्याने मान वर केली आणि हातातला पाना खाली पडला.

“तू...”

“हाव. मी.”

तिने वाकून पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“ढिगामागं आता कोण उभं रायते?” तिने विचारलं.

“कोणीच नाही. अंदाजानं चालवतो. उलटली तर उलटली.”

“कुंदन, तू दोनदा आलतास अकोल्याले. मी आतच होती.”

“मालूम आहे. तुही ओढणी दिसत होती पडद्याखालून.”

तिला वाटलं, जमीन फाटावी. “मंग आत काहून नाही आलास?”

“तुले भेटायचं नसंल, असं समजलो. जबरदस्ती कशी करू?”

प्रणालीने सगळं एका दमात सांगून टाकलं. माईक, ती शपथ, तिचा राग, जूनमधला मेसेज. “चूक माही होती. तू शब्द पाळलास आणि मी तुह्यावर रुसली. आणि... मले तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आता याचा काही उपयोग आहे का नाही, मले नाही माहीत. पण आज न बोलता परत जायचं नाही, असं ठरवून आली.”

कुंदनने बॅटरीची तार सोडवली, पुन्हा जोडली, पुन्हा सोडवली. मग म्हणाला,

“मागच्या महिन्यात साक्षगंध झालं माहं. अंजनगावची आहे. रागिणी नाव.”

वारा सुटला होता. प्रणालीने ओढणी सावरली, उगाच. “कशी आहे?”

“चांगली आहे. तिले गाडी दाखवली तर हसली.” त्याने तार पुन्हा जोडली. “पण चांगलं हसली.”

“मंग बरं झालं.”

“प्रणाली... दिवाळीपर्यंत मी दर रविवारी रस्त्याकडं पाहत होतो. त्या दिवशी गारा पडून राहिल्या होत्या ना, तवाच बोलायचं होतं मले. सरांनी हाक मारली, आणि मले वाटलं, पुढच्या रविवारी बोलू.” तो खाली पाहत म्हणाला, “हे मी पुन्हा कधी नाही बोलणार. रागिणीले ते बरं नाही.”

“नको बोलूस.”

ती निघाली तेव्हा तो उभा राहिला. “एक फेरी मारू? तू राहतेस उभी तिकडं?”

किती सोपं होतं हो म्हणणं! तिने ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “नको,” ती म्हणाली. “सवय लागते.”

---

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती बाबांबरोबर मळ्यात गेली. दव पडलं होतं, शेवंती गार लागत होती. दोघं एकाच ओळीत समोरासमोर खुडत होती. दोन पाट्या भरल्या. मग ती एकदम म्हणाली, “बाबा, मागच्या वर्षी मी क्लासले जात नव्हती.”

वामनरावांचे हात चालूच राहिले. “मालूम आहे.”

“काय मालूम आहे?”

“आपला देवानंद फुलं घेऊन अमरावतीले जाते ना, त्यानं पायलं तुले. म्हणे, काका, तुमची पोरगी एका पोट्ट्याच्या रिमोटच्या गाडीसाठी ढिगामागं उभी राहून डावं-डावं म्हणून ओरडून राहिली होती. धुळीनं माखलेली. म्हणे, लय खुश दिसत होती.” ते जरासे हसले. “अंगणात तुह्या जोड्याची धूळ मीच झटकत होतो. आपल्या मातीची नव्हती ते.”

प्रणालीच्या हातातली फुलं पाटीत पडली. “मंग तुमी बोलले काहून नाही?”

“तू सांगशील म्हणून वाट पायली, बाई. मी विचारलं असतं तर तू पुन्हा खोटं बोलली असती. ते नको होतं मले.”

“आणि... सांगितलं असतं तर?”

“तर त्या पोट्ट्याले घरी बोलावलं असतं. चहा पाजला असता. पायलं असतं, कसा आहे.” आता त्यांचे हात थांबले. तिचा चेहरा पाहून त्यांना काय कळायचं ते कळलं. ते ओळ ओलांडून तिच्या बाजूला आले. “कसा होता?”

सूर्य वर आला होता. बांधावर देवानंदची गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला. प्रणालीने ओढणीने नव्हे, मातीच्या हातानेच डोळे पुसले.

“चांगला होता, बाबा,” ती म्हणाली. “लय चांगला होता.”

वामनरावांनी देवानंदला हाताने थांब म्हणून खूण केली, आणि तिच्या शेजारी बसून ते तिच्या बाजूची फुलं खुडू लागले.